गोल बाजारातले घमेले

रायपूरच्या गोल बाजारात जन्मापासून मरणापर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू मिळते, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. पूजेचे साहित्य, लग्नाची भांडी, मसाले, जडीबुटी आणि शेवटच्या प्रवासाचे सामान, सारे काही हाकेच्या अंतरावर. २००४ सालच्या एका रविवारी सकाळी मी तिथे एक लोखंडी घमेले, पत्र्याचे एक नरसाळे आणि हातभर मलमल विकत घेतली. दुकानदाराने सहज विचारले, "शादी है, कि मकान बन रहा है?" माझ्यासोबत आमच्या कार्यालयाचे वाहनचालक होते. तेच उत्तरले, "न शादी, न मकान. गाडी का तेल निकालना है." दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याने रविवारी घमेले घेऊन गाडीखाली शिरावे, हे त्याला चमत्कारिक वाटले असणार. त्यामागे एक लहानशी प्रशासकीय कहाणी आहे, आणि तिच्यामागे बराच मोठा इतिहास आहे. आज तो वाचकांसमोर मांडतो.

चालकांना सारे कार्यालय 'काका' म्हणत असे. मीही तेच म्हणे. ते मराठी होते, पण त्यांच्या किती पिढ्या रायपुरात गेल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी छत्तीसगढवर स्वारी केली, पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले, आणि त्या काळापासून मराठी घराणी या मुलखात येत राहिली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पण आलेली माणसे राहिलीच. हिंदी पत्रकारितेतील मोठे नाव असलेले माधवराव सप्रे याच मुलखात वाढलेले मराठी गृहस्थ. काकांची मराठी नागपुरी वळणाची आणि हिंदीच्या सावलीतली होती. माझ्यासारख्या घरापासून दूर बदली झालेल्या माणसाला ती कानाला गोड लागे.

आता मुख्य विषय. गोल बाजारात गाडी आत जात नाही. बाहेर उभी करून पायी फिरावे लागते. परंतु नावातल्या 'गोल' या शब्दावरून एक हिशेब करून पाहू. मोटारीने एक पूर्ण वर्तुळ फिरले, तर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन मागच्या चाकांमधले अंतर १.३५ मीटर धरले, तर हा फरक सुमारे साडेआठ मीटर येतो. गंमत अशी की, वर्तुळ लहान असो की मोठे, फरक तेवढाच राहतो. म्हणजे प्रत्येक वळणावर दोन्ही चाकांनी वेगवेगळे फेरे घ्यायला हवेत. एकाच दांड्यावर दोन्ही चाके घट्ट बसवली, तर त्यांपैकी एक घासत जाईल, टायर झिजतील आणि वळण घेताना गाडी अडून बसेल.

आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न नव्हता. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि चाके त्यावर मोकळी फिरतात. ओढण्याचे काम बैल करतात. चालकाने एरंडेलाचे वंगण वेळेवर घातले की झाले. सायकल रिक्षाने हा प्रश्न टाळला: आपल्याकडच्या बहुतेक रिक्षांत साखळीचा जोर मागच्या दोन चाकांपैकी एकालाच मिळतो. रेल्वेत तर दोन्ही चाके आसाला पक्की असतात, पण त्यांची धाव किंचित निमुळती घडवलेली असते. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते आणि बाहेरचे चाक आपोआप मोठ्या व्यासावर चालते. प्रश्न उभा राहिला तो इंजिनाच्या बळावर दोन्ही चाके फिरवायची ठरवली तेव्हा.

१८२७-२८च्या सुमारास ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी त्याचे उत्तर शोधले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तीनचाकी सायकलीसाठी ते वापरले, आणि मोटारीने ते जसेच्या तसे उचलले. इंजिनाकडून येणारा लांब दांडा एका लहान दातेरी चक्राला, म्हणजे पिनियनला, फिरवतो. पिनियन मोठ्या चक्राला फिरवते. त्याला आपले मिस्त्री 'क्राउन' म्हणतात. क्राउनच्या पोटात आणखी काही लहान चक्रे असतात आणि ती दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर समान वाटतात, मात्र वेग समान असण्याची सक्ती करत नाहीत. डावे चाक जेवढे मागे राहील, तेवढे उजवे पुढे जाते. दोघांची सरासरी क्राउनच्या वेगाइतकीच असते. हेच डिफरन्शियल. याची एक खोडही आहे. एक चाक चिखलात गेले, तर सारा वेग त्या निरुपयोगी चाकाकडे जातो आणि कोरड्या जमिनीवरचे चाक उभे राहते. मार्च महिन्यात सरकारी निधी कुठे धावतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही खोड समजावून सांगावी लागणार नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या यंत्रात एक महत्त्वाची सुधारणा झाली. अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने अशा दात्यांची चक्रे कातण्याची रीत काढली की पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवता यावे. पॅकार्ड या मोटारीत १९२६ साली ती आली. तिला हायपॉइड गिअर म्हणतात. पिनियन खाली गेल्यामुळे लांब दांडाही खाली गेला, गाडीची जमीन खाली घेता आली आणि मागे बसणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळाली. परंतु या सुखाची किंमत होती. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते घासत सरकतात. साध्या तेलाचा थर त्या दाबाखाली फाटतो. म्हणून गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेले विशेष तेल लागते. दाब आणि उष्णता वाढली की त्यांतून धातूवर एक संरक्षक थर तयार होतो. गॅरेजात ज्याला 'नव्वद नंबरचे गिअर ऑइल' म्हणतात, ते हेच. त्याचा कुजकट वास एकदा हाताला लागला की दोन दिवस जात नाही. म्हणजे मागच्या आसनावर बसणाऱ्याच्या आरामाची सारी जबाबदारी त्याच्याच आसनाखालच्या लिटर-सव्वा लिटर तेलावर असते. सरकारी गाडीत मागच्या आसनावर कोण बसते, हे सांगायला नको.

आमची गाडी अर्थात ॲम्बॅसडर होती. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ मध्ये झाली. पहिला कारखाना गुजरातच्या किनाऱ्यावर ओखा बंदरात होता, तो १९४८ मध्ये बंगालमधील उत्तरपाड्याला गेला. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने असे धोरण घेतले की, सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी एकतर हळूहळू सारी गाडी इथे बनवावी किंवा जावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी जाणे पसंत केले. उरलेल्या थोड्या कंपन्यांना बंदिस्त बाजारपेठ मिळाली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून १९५७ मध्ये ॲम्बॅसडर आली. १९६० मध्ये एल. के. झा यांच्या समितीने स्वस्त मोटारीची शिफारस केली, पण ती गाडी रस्त्यावर यायला तेवीस वर्षे लागली.

मधल्या काळात ॲम्बॅसडरचे मार्क दोन, तीन, चार आले. जाळी बदलली, दिवे बदलले, पुढे इंजिनेही बदलली. मागच्या ॲक्सलची मूळ मांडणी मात्र तीच राहिली. आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी परवाना राज्याचे उदाहरण म्हणून या गाडीला हसत असू. ते हसणे चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. दीर्घकाळ न बदललेल्या यंत्राचा एक फायदा असतो: ते सर्वांना येते. ॲम्बॅसडरचा क्राउन जगदलपुरात उघडा की जळगावात, उघडणाऱ्याला तो पाठ असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली मालकाच्या हाती पडली आणि हे ज्ञान ओसरू लागले. मारुतीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सारे पुढेच, आणि त्यांतले गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच घरात आणि एकाच तेलात. मागचा ॲक्सल रिकामा. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि नव्या पिढीला 'क्राउनचे तेल' हा शब्दही अनोळखी झाला. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याला ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले.

प्रीमियर पद्मिनीलाही मागे असेच डिफरन्शियल होते. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ मध्ये निवृत्त झाली. मुंबईच्या रस्त्यांवर एक यंत्र वीस वर्षे रोज चालते, याचे श्रेय कंपनीइतकेच त्या चालकांना आहे. जो स्वतःच्या मालकीची टॅक्सी चालवतो, त्याचे पोट, त्याचे कान आणि त्याचा खिसा ही तिन्ही एकाच शरीरात असतात. आवाज आला की त्याला तो ऐकू येतो, ऐकू आला की तो खर्च करतो. सरकारी गाडीचे तसे नाही. मालक सरकार, बसणारा अधिकारी, चालवणारा चालक, देयक तपासणारा लिपिक, पैसे देणारा लेखा विभाग, आणि तेल बदलणारा बाहेरचा कंत्राटदार. ज्याला तेल दिसते त्याच्या हाती सही नसते, आणि ज्याच्या हाती सही असते त्याला तेल दिसत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, तेव्हा रायपुरात सारेच नव्याने मांडावे लागले. दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय बसले, ते २०१२ मध्ये नवा रायपूरला जाईपर्यंत तिथेच होते. केंद्राच्या अनेक कार्यालयांप्रमाणे आमचेही कार्यालय जुन्या खुर्च्या आणि जुनी गाडी घेऊन सुरू झाले. नवीन वाहन खरेदीवर वित्त मंत्रालयाच्या काटकसरीच्या आदेशांनी बंदी होती. जुन्या वाहनाच्या बदलीही नवे घेता येत नव्हते. २००३ च्या अखेरीस काका मला म्हणाले, "साहेब, गाडी मागून बोलून राहिली. आपण ऐकून नाही राहिलो." चाळीसच्या वेगाला एक बारीक गुणगुण येत असे आणि ॲक्सलरेटर सोडला की तिचा सूर बदलत असे. त्यांनी लेखी अर्ज दिला. मी फाइल मागवली. सहा-सात महिन्यांपूर्वीच डिफरन्शियलचे तेल बदलल्याचे देयक तीत होते, तपासलेले आणि अदा केलेले. त्यांनी महिन्याने दुसरा अर्ज दिला. त्यावर मी टिपणी लिहिली: "तेल बदलल्याचे देयक नुकतेच अदा झाले आहे. पुन्हा खर्चाची आवश्यकता दिसत नाही." खाली माझी आद्याक्षरे. माणसाच्या कानापेक्षा मी कागदावर विश्वास ठेवला, आणि त्या वेळी मला ते काटेकोर प्रशासन वाटले.

२००४ च्या आरंभी आम्ही जगदलपूरला निघालो होतो. कांकेर सोडल्यावर गुणगुणीची घरघर झाली, आणि केशकालचा घाट लागण्याआधी मागून फुटल्यासारखा आवाज येऊन गाडी थांबली. रात्रीचे आठ वाजले होते. गाडी ओढून कांकेरला आणली. सकाळी मिस्त्रीने ॲक्सलचा खालचा प्लग उघडला. सव्वा लिटर तेल असायला हवे तिथे पाव लिटरही निघाले नाही. जे निघाले ते डांबरासारखे घट्ट होते आणि त्यात चांदीच्या वर्खासारखे कण चमकत होते. क्राउनचे चार दाते तुटले होते. मिस्त्री म्हणाला, हे तेल सात महिन्यांचे नाही, सात वर्षांचे असेल. काका काही बोलले नाहीत. ते माझ्याकडे पाहतही नव्हते, आणि तेच मला जास्त लागले.

पुढे रीतसर चौकशी झाली. कागदोपत्री तेल बदललेले होते. गाडी चालकाच्या ताब्यात होती. लॉगबुकात 'वाहन सुस्थितीत' या शेऱ्याखाली रोज चालकाची सही होती. निष्कर्ष सरळ होता: निष्काळजीपणा चालकाचा, नुकसानीची वसुली त्याच्या वेतनातून. आदेशाचा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. काकांचे दोन अर्ज आणि माझी टिपणी दुसऱ्याच फाइलमध्ये होती. चौकशी फाइलशी ती जोडलेली नव्हती, आणि मी गप्प राहिलो असतो तर कोणी शोधलीही नसती. मी तो मसुदा दोन दिवस टेबलावर ठेवला. त्या दोन दिवसांचे मला आजही समर्थन करता येत नाही. काका रोज नऊला कार्यालयाच्या जीपने मला न्यायला येत होते आणि त्यांना सारे ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही अर्ज आणि टिपणी जोडून वर पाठवली. वसुली रद्द झाली. खोटे देयक देणाऱ्या कंत्राटदाराचे नाव यादीतून गेले. मला लेखी समज मिळाली. ती योग्यच होती.

नंतर मी विचार करू लागलो की, हे केवळ एका टिपणीचे पाप होते काय? आपल्या अर्थसंकल्पाने कित्येक दशके खर्चाची विभागणी योजनांतर्गत आणि योजनेतर अशी केली. नवा रस्ता, नवी इमारत, नवे यंत्र हे योजनेत; त्यांची डागडुजी योजनेबाहेर. शब्दांना स्वभाव असतो. 'योजनेतर' म्हणजे टाळता येण्याजोगा खर्च, अशी समजूत कार्यालयांत रुजली, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तिथेच पडू लागली. नवीन गाडी घ्यायची नाही, हा आदेश समजण्यासारखा आहे. पण मग जुनीच्या देखभालीचा पैसा वाढायला हवा, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे गणित कोणी मांडत नसे. बाराव्या वित्त आयोगाने, ज्याचे अध्यक्ष डॉ. सी. रंगराजन होते, राज्यांना रस्ते आणि पूल यांच्या देखभालीसाठी १५,००० कोटी आणि सार्वजनिक इमारतींच्या देखभालीसाठी ५,००० कोटी रुपयांचे वेगळे अनुदान सुचवले. देखभालीसाठी वेगळी पिशवी शिवावी लागली, यातच सारे आले. २०११ मध्ये डॉ. रंगराजन यांच्याच अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने योजना आणि योजनेतर हा भेद रद्द करण्याची शिफारस केली, आणि २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून तो गेला. शब्द गेला. सवय गेली की नाही, हे प्रत्येकाने आपल्या कार्यालयातील गळक्या नळाकडे पाहून ठरवावे.

तर त्या रविवारकडे परत येतो. निर्लेखित झालेल्या एका गाडीचा ॲक्सल आमच्या गाडीला बसवून मिळाला होता. 'तेल नवीन' असे बिलावर लिहिले होते, परंतु बिलावर आता आमचा दोघांचाही विश्वास नव्हता. काका म्हणाले, "साहेब, एकदा आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या." गोल बाजारातून परत येईपर्यंत ॲक्सल गरम झाला होता, आणि ते हवेच असते, थंड तेल घट्ट राहते आणि गाळ तळाशी सोडून देते. कार्यालयाच्या आवारातील सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकांना विटा लावल्या. मी खालचा प्लग उघडायला पाना उचलला, तेव्हा काकांनी हात धरला. "आधी भरायचा प्लग उघडा. तो अडकला आणि खालून तेल निघून गेलं, तर गाडी इथंच बसून राहील." आत घालण्याची वाट मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय आतले बाहेर काढू नये. हा नियम मी पुढे अनेक फाइलींवर वापरला.

खालचा प्लग निघाला तेव्हा घमेल्यात काळे तेल उतरले. नवे नव्हतेच. वीस मिनिटे ते थेंब थेंब गळू दिले, मग मलमलीतून गाळले. मलमलीवर करडी साय राहिली. काकांनी ती बोटांत चोळून पाहिली: नुसता लेप लागला तर ती वयाची झीज असते, टोचले तर दाता तुटला आहे. टोचले नाही. ॲक्सलच्या माथ्यावर हवा जाण्याचे एक लहानसे छिद्र असते. ते मातीने बुजलेले होते. छिद्र बुजले की आतली गरम हवा तेलाला बाजूच्या सीलमधून बाहेर ढकलते, आणि ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. ते तारेने साफ केले. खालचा प्लग नवा वॉशर घालून आवळला. पेट्रोल पंपावरून आणलेला सीलबंद डबा नरसाळ्याने पिचकारीत ओतून, भरायच्या भोकातून तेल परत ओघळू लागेपर्यंत भरले. तेवढेच, त्याहून जास्त भरणे हेही नुकसानच. सारा खर्च एका तेलाच्या डब्याचा आणि दोन तासांचा. तुटलेल्या क्राउनच्या खर्चाशी त्याची तुलना मी फाइलवर आकड्यांत केली, ती इथे करत नाही.

सोमवारी मी एक साधा आदेश काढला. तेल बदलल्याच्या देयकावर माझ्या सहीआधी चालकाची सही असेल, आणि काढलेल्या तेलाची एक लहान बाटली, तारीख आणि किलोमीटर लिहून, देयकासोबत टेबलावर येईल. लेखा विभागाने बाटलीसाठी कोणता नियम आहे असे विचारले. मी लिहिले की नियम नाही, पण मनाईही नाही. काही दिवसांतच माझ्या खोलीतील कपाटात काळ्या-तपकिरी बाटल्यांची रांग लागली. भेटायला येणाऱ्यांना ती आयुर्वेदिक औषधे वाटत. उरलेले जळके तेल त्या काळी भंगारवाला नेत असे. आज २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. घरची जुनी जीप किंवा ॲम्बॅसडर जपणारे मराठी लोक परगावी आणि परदेशीही आहेत. त्यांच्यासाठी हे सांगतो.

गोल बाजाराचीही गोष्ट फार वेगळी नाही. जागा महापालिकेची, दुकाने पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात. अलीकडच्या वर्षांत दुकानदारांना मालकी हक्क देण्याची योजना पुढे आली आणि किंमत व अटी यांवरून वादही झाले. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण छत गळते तेव्हा शिडी कोणी लावायची, हा प्रश्न भाडेकरू आणि मालक एकमेकांकडे ढकलतात, हे मी देशभरातल्या सरकारी वसाहतींत पाहिले आहे. मालकी कोणाचीही असो. ज्याच्या डोक्यावर थेंब पडतो त्याच्या शब्दाला कागदावर जागा मिळाली, तर अर्धी डागडुजी वेळेवर होते. मालकी बदलणे अवघड असते. अर्जावर "आवश्यकता दिसत नाही" असे लिहिण्याआधी उठून गाडीखाली डोकावणे अवघड नसते.

माझी बदली झाली तेव्हा काकांनी मला स्टेशनवर सोडले. काही वर्षांनी ते पूर्ण निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त झाले, ही वार्ता मला पत्राने कळली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. आमची ॲम्बॅसडर त्याच्या कितीतरी आधी लिलावात गेली होती. बाटल्या माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी फेकून दिल्या. त्यांना दोष देत नाही, वास खरोखर वाईट येत असे. घमेले मात्र सुटले. त्याचे पैसे मी कार्यालयाकडून घेतले होते, म्हणून ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये 'घमेले, लोखंडी, एक नग' असे रीतसर चढले होते. गेल्या खेपेला रायपूरला गेलो तेव्हा जुन्या कार्यालयात चौकशी केली. लिपिकाने रजिस्टर उघडून दाखवले. दरवर्षीच्या पडताळणीत त्यापुढे 'आढळले' असा शेरा होता. मी विचारले, ते कशासाठी घेतले होते हे ठाऊक आहे काय? त्याने मान हलवली. मग आम्ही दोघे मागच्या आवारात गेलो आणि चहा येईपर्यंत मी त्याला हीच कहाणी सांगितली.